न दिसणाऱ्या थरांचा व्यवसाय

बोरिवलीच्या पश्चिमेस, गोराईच्या खाडीपलीकडे, मनोरी, गोराई आणि उत्तन या गावांचा जो चिंचोळा मुलूख समुद्राला लागून पसरला आहे, त्याला जुन्या कागदांत धारावी बेट म्हटलेले आढळते. झोपडपट्टीमुळे जगाला ठाऊक झालेल्या धारावीशी त्याचा काही संबंध नाही. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत या बेटाला इतके महत्त्व आले, ते त्याच्या ताब्यावर वसईच्या खाडीचे नाक अवलंबून होते म्हणून. आज तेथे आरमार नाही, तोफा नाहीत; पॅगोड्याचा सोनेरी कळस आहे, ख्रिस्ती वस्त्यांतील क्रूस आहेत, कोळीवाडे आहेत, आणि भाईंदरवरून वळसा घालून येणारा रस्ता असूनही ज्यांना वेळेची किंमत कळते त्यांच्यासाठी खाडीतली तर आहे, जिच्यात माणसांबरोबर मोटारसायकलीही बिनतक्रार चढवल्या जातात. अशा ठिकाणी होडी ही मौजेची वस्तू नसून घरातल्या पाटावरवंट्याइतकीच गरजेची असते, आणि म्हणूनच ती कोण बांधतो, कशाची बांधतो आणि किती प्रामाणिकपणे बांधतो, हा विचार येथे रिकामटेकड्यांचा ठरत नाही.

गेल्या काही दशकांत या किनाऱ्यावरच्या लहान होड्यांचे द्रव्य बदलले. मोठ्या मासेमारी नौकांत लाकूड अद्याप आपला मान राखून आहे. पण खाडीत जाळे टाकायला, खेकडे धरायला, नांगरलेल्या मोठ्या बोटीपर्यंत माणसे पोचवायला जी छोटी होडी लागते ती आता बहुधा फायबरची असते. यात लाकडाची निंदा नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची जी जहाजे बांधली, त्यांपैकी १८१७ सालचे ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगत आहे. इतके आयुष्य फायबरला लाभेल की नाही हे सांगायला फायबर अजून पुरेसे म्हातारे झालेले नाही. परंतु तसा साग आज लहान होडीसाठी परवडत नाही, आणि हलक्या लाकडाला खाऱ्या पाण्यात टेरेडो नावाचा पोखरणारा जीव असा लागतो की वरून अभंग दिसणारी फळी आतून चाळणी होऊन जाते. मग दरवर्षी होडी वर ओढा, खरवडा, सांध्यांतला कापूस नव्याने ठासा, तेल पाजा. हे सगळे करायला माहीतगार सुतार पाहिजे, आणि त्या सुताराचा मुलगा आता बहुधा बोरिवलीत फर्निचर करतो.

फायबर म्हणजे काचतंतू आणि राळ, आणि या दोहोंची सोयरीक झाली ती अमेरिकेत. काचेचे बारीक तंतू मोठ्या प्रमाणावर काढण्याची युक्ती तेथे १९३० नंतरच्या दशकात हाती आली. त्याच सुमारास पॉलिएस्टर जातीची, उष्णता वा दाब न देता नुसत्या रसायनाने घट्ट होणारी राळ तयार झाली. आणि १९४२ साली ओहायो प्रांतातील टोलेडो गावी रे ग्रीन या गृहस्थाने या दोहोंतून एक लहान शिडाची होडी साकारली. आपल्याकडे १९५७ साली कोचीन येथे स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने लाकडी होड्यांवर फायबरचे कवच चढवण्यापासून संपूर्ण फायबरच्या होड्यांपर्यंत बरेच काम केले. तर २००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीनंतर तमिळ किनाऱ्यावर फायबरच्या होड्या इतक्या झपाट्याने तयार झाल्या की बऱ्यावाईटाचा निवाडा करायलाही कुणाला सवड राहिली नाही.

आता प्रत्यक्ष हुन्नराकडे वळू. कारण ज्याला घराच्या पडवीत, निवृत्तीनंतर किंवा नोकरी सांभाळून, हा धंदा करावासा वाटतो त्याचा पहिला भ्रम येथेच दूर व्हायला हवा. सुतार होडी आतून बाहेर बांधतो: आधी कण्याचे लाकूड, मग फासळ्या, मग फळ्या, आणि अखेरीस रंग. फायबरवाला नेमका उलट चालतो. पेणच्या मूर्तिकाराचा साचा जसा गणपतीचे नाक-डोळे आधीच पोटात धरून बसलेला असतो, तसा होडीचा साचा तिचे बाह्य अंग धरून असतो, आणि रंग हा शेवटचा संस्कार न राहता पहिला होतो. हा साचा मिळवण्यासाठी आधी लाकूड, प्लाय आणि पुट्टी यांची एक खोटी होडी घडवावी लागते. कारखान्यात तिला पॅटर्न म्हणतात. ती कधी पाण्यात जायची नसते, पण तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा साच्यात आणि साच्यातून पुढच्या प्रत्येक होडीत उतरायचा असतो. म्हणून पाण्याच्या कागदाने ती इतकी घासावी लागते की ट्यूबलाइटचे प्रतिबिंब तिच्या अंगावर न वाकता सरळ दिसावे. या पॅटर्नवर मेण चढवून, होडीच्या दुप्पट जाडीचा साचा घडवला जातो, त्याला बाहेरून लाकडाच्या वा लोखंडाच्या पट्ट्यांचा आधार दिला जातो, आणि मग पॅटर्नचे काम संपते.

साचा तयार झाल्यावर त्याला पुनःपुन्हा मेण लावून पुसायचे, आणि ब्रशाने किंवा फवाऱ्याने जेलकोट द्यायचा. हा जेलकोट म्हणजे रंग मिसळलेली दाट राळ. तिचा थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवा. त्याहून पातळ झाला तर मागची राळ त्याला चावते आणि पृष्ठभागावर मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या उमटतात. जाड झाला तर पुढे धक्क्याला घासताच तडकतो. जेलकोटला बोट लावले असता चिकटपणा जाणवतो पण बोटाला रंग येत नाही, अशा नेमक्या अवस्थेत मॅट घालायला सुरुवात करावी लागते. मॅट म्हणजे तुटक काचतंतूंची पांढरी चटई. चौरस मीटरला ३०० ग्रॅम, ४५० ग्रॅम अशा वजनांवर ती विकली जाते. तिच्या जोडीला विणलेले रोव्हिंग असते, जे ताणाला अधिक बळकट असते.

राळेत कोबाल्ट आधीच कालवलेला असतो. त्यामुळे तिला किंचित जांभळट छटा असते. त्यात वजनाच्या एक ते दोन टक्के हार्डनर पडला की ती छटा पालटून हिरवट-तपकिरी होते, आणि तेथून घड्याळ सुरू. मे महिन्याच्या दुपारी वीस मिनिटेही मिळत नाहीत. डब्याच्या बुडाला हात लावला तर प्रथम कोमट, मग ऊन लागते. ब्रशाला तार सुटू लागते. आणि क्षणार्धात डब्यातला ऐवज खरवसासारखा थरथरून गोठतो. पातळ थरात ही उष्णता हवेत निघून जाते, पण डब्यात साठलेल्या राळेत ती कोंडते, म्हणून उरलेला डबा तसाच ठेवला तर त्यातून धूर निघतो, प्रसंगी पेटही घेतो. ब्रशाने राळ पाजली की मॅट पांढरी राहत नाही, पारदर्शक होते. जेथे पांढरा ठिपका राहिला तेथे हवा अडकली असे समजावे, आणि खाचा पाडलेल्या लोखंडी रोलरने ती कडेकडे हाकलावी. हे रोलर फिरवणे कंटाळवाणे, पाठ मोडणारे आणि या साऱ्या व्यवसायातील सर्वांत महत्त्वाचे काम आहे. कारण हवेचा बुडबुडा राहिला तर त्या जागी पाणी शिरते, आणि काही वर्षांनी होडीच्या बुडावर फोड येतात.

येथे एक सक्त ताकीद द्यावीशी वाटते. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. मिश्रण स्फोटासारखे भडकते. दोन्ही बाटल्या एका कप्प्यात ठेवणे हा आळस नसून गुन्हा आहे. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो; राळेतील स्टायरीनची वाफ डोके जड करते आणि ३१ अंशांच्या आसपास पेट घेण्याजोगी होते, म्हणजे मुंबईत जवळजवळ बारमाही; आणि घट्ट झालेले फायबर कापताना उडणारी काचेची धूळ कातडीत रुतून रात्रभर खाजवत ठेवते. छंद म्हणून हे काम चाळीच्या गच्चीत वा इमारतीच्या वाहनतळावर करू पाहणाऱ्यांनी शेजाऱ्यांची दया करावी.

एक चार मीटर लांबीची, खाडीत दोघातिघांनी बसायची साधी होडी घेऊ. तिच्या कवचाचे क्षेत्रफळ सुमारे नऊ चौरस मीटर भरते. ३०० ग्रॅमची एक मॅट, ४५० ग्रॅमच्या दोन आणि मध्ये ६०० ग्रॅमचे एक रोव्हिंग असे थर दिले तर चौरस मीटरला १,८०० ग्रॅम काच पडते, म्हणजे एकूण सोळा किलो. तिला भिजवायला तीस-बत्तीस किलो राळ लागते, जेलकोट पाचेक किलो, आणि जेलकोट धरून चारएक मिलिमीटर जाडीचे, पन्नास-पंचावन्न किलो वजनाचे कवच साच्यातून निघते. बाके, काठ, मागच्या फळीतले प्लाय धरून सगळी होडी नव्वद किलोच्या आसपास. चार माणसे ती सहज उचलतात. लाकडी होडीसाठी आठ माणसे हाका मारून गोळा करावी लागत.

या हिशेबात चोरीला किती वाव आहे पाहा. ४५० ग्रॅमची एक मॅट वगळली तर चार किलो काच, दहा किलो राळ आणि अर्ध्या दिवसाची मजुरी वाचते, होडीची जाडी चौथ्या हिश्श्याने कमी होते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला यत्किंचितही फरक कळत नाही. लाकडी होडीत सुताराची लबाडी फळीफळीवर लिहिलेली असते. फायबरच्या होडीत जेलकोटची झळाळी चांगल्या-वाईट दोन्ही कामांवर सारख्याच कृपेने पसरते. माझ्या मते या धंद्याचे सारे मर्म येथे आहे. फायबरची होडी विकणारा मनुष्य आकार, रंग आणि वजन विकतो असे दिसते खरे; वस्तुतः तो गिऱ्हाइकाला कधीही न दिसणारे थर विकत असतो, आणि ते थर पुरते असल्याबद्दल त्याच्या शब्दापलीकडे दुसरा जामीन नसतो. म्हणून दूरच्या शहरातल्या अनामिक कारखानदारापेक्षा, ज्याची होडी रोज याच खाडीत गिऱ्हाइकासमोरून जाते आणि ज्याचे घर गावाला ठाऊक आहे, अशा लहान कारागिराला या व्यवसायात एक स्वाभाविक अनुकूलता आहे. भांडवलाने तो हरेल, ओळखीने तरेल.

अर्थात् ओळखीने पोट भरत नाही, हिशेबाने भरते. समजा, छंदी गृहस्थाने पॅटर्न आणि साचा यांत साठ दिवस घातले, आणि पुढे प्रत्येक होडीला सहा दिवस लागू लागले. एकच होडी विकली तर तिच्या बोकांडी सहासष्ट दिवसांची मेहनत बसते; दहा विकल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला बाराच येतात. नवखा मनुष्य पहिल्या होडीची किंमत राळ-मॅटच्या पावत्या बेरजेला धरून ठरवतो, स्वतःचा मेहनताना शून्य मानतो, साच्याचा खर्च विसरतो, आणि गिऱ्हाईक खूश झाले की आपला धंदा चालला असे समजतो. ज्या गोष्टीचा दाम लावला नाही ती फुकट पडली, हा समज छंदाला शोभतो, दुकानाला नाही. शिवाय राळ पिंपाने घेतली तर स्वस्त पडते, पण तिचे आयुष्य थोड्या महिन्यांचे असते आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली तेही आटते; वर्षात तीन होड्या करणाऱ्याने पिंप घेतले तर अर्धे पिंपातच दगड होऊन बसते.

ऋतुचक्रही या कामाला अनुकूल नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते; कोळ्याला होडी हवी असते ती नारळी पौर्णिमेपूर्वी; म्हणजे काम पडते ते एकतर मे महिन्याच्या तापात, जेव्हा राळ हाताबाहेर धावते, किंवा भर पावसाळ्यात, जेव्हा मॅट हवेतला ओलावा पिऊन बसते आणि ओल्या मॅटवर बसलेली राळ नीट घट्ट होत नाही. जाणता कारागीर म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीत कवचे काढून ठेवतो आणि पावसाळ्यात बाके, काठ, किरकोळ जोडकाम करतो. त्यासाठी तीन-चार महिने पैसा अडकवून ठेवण्याची ऐपत लागते, आणि नोकरीच्या पगारावर छंद चालवणाऱ्याला ती पूर्णवेळ कारागिरापेक्षा अधिक असते, ही या व्यवसायातली एक गंमत.

लहान यार्डातून केवढे काम निघू शकते याचे आपल्या बाजूचे उदाहरण गोव्यात आहे. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस यार्डात ‘म्हादेई’ ही छप्पन्न फुटी शिडाची नौका भारतीय नौदलासाठी बांधली गेली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. तिचे कवच म्हणजे लाकडी पट्ट्यांचा गाभा आणि त्याच्या आतबाहेर इपॉक्सीत भिजवलेले काचकापड; लाकूड आणि फायबर हे वैरी नसून सोबतीही होऊ शकतात याचा हा नमुना. याच नौकेतून कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तिच्यातूनच कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. गोराईच्या खाडीत खेकडे धरणाऱ्या होडीला दक्षिण महासागराच्या लाटा झेलायच्या नसतात हे खरे. पण रोलरखालची हवा दोन्हीकडे सारखीच काढावी लागते.

गिऱ्हाईक कोण? कोळी बांधव आहेतच. किनाऱ्यावरील विश्रांतिगृहांना मौजेसाठी वल्ह्यांच्या होड्या लागतात, तलावांवर गळ टाकणाऱ्यांना लागतात, शिडाच्या शर्यतींत मुलांना शिकवायला ‘ऑप्टिमिस्ट’ लागते, जिचा आराखडा क्लार्क मिल्स याने १९४७ साली फ्लोरिडात मुलांसाठी केला आणि जी फक्त २.३ मीटर लांब असते. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर आणि २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरानंतर ग्रामपंचायती व आपत्ती विभागही होड्या बाळगू लागले. त्याच महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेहून अधिक माणसे बसलेली बोट उलटली आणि कित्येकांचे प्राण गेले. तेव्हापासून माझे असे ठाम मत झाले आहे की किती माणसे बसतील याचा आकडा होडीच्या अंगावर, पुसता न येईल असा कोरल्याविना कुणीही ती विकू नये.

याला जोडून एक गोष्ट, जी विक्रेते सहसा बोलत नाहीत. साग पाण्यापेक्षा हलका. लाकडी होडी पाण्याने भरली तरी काठापर्यंत बुडून तरंगत राहते आणि माणसाला धरायला काहीतरी उरते. फायबर पाण्याच्या दीडपट जड आहे. तशीच सोडली तर भरलेली होडी दगडासारखी तळ गाठते. म्हणून बाकांखाली आणि नाळेत हवाबंद कप्पे करून त्यांत फोम भरणे आवश्यक आहे. जो कप्पे करतो पण फोम भरत नाही, त्याची होडी बुडण्यापासून एका तड्याच्या अंतरावर आहे.

सरकारी बाजूही थोडक्यात पाहू. यंत्र बसवलेल्या होडीला नोंदणी लागते, मासेमारीसाठी मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना वेगळा, प्रवासी वाहतुकीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाचे निरीक्षण वेगळे. १९१७ चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा जाऊन २०२१ चा आला आहे. खाडीकाठी शेड घालायची तर सागरी नियमन क्षेत्राचे नियम आड येतात, आणि उच्च न्यायालयाच्या २००५ पासूनच्या आदेशांमुळे तिवरांच्या झाडीला, तिच्या भोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्यासह, हात लावता येत नाही. ते योग्यच आहे. सबब कारखाना गावात, आणि होडी टेम्पोवरून पाण्यापर्यंत. कापणीची धूळ, गोठलेले डबे आणि ॲसिटोनचे फडके खाडीत टाकता येत नाहीत, आणि फायबर वितळवून पुन्हा वापरता येत नाही. जुन्या लाकडी होडीचे निदान सरपण होत असे. गोराईला २००७ साली बंद झालेल्या कचराभूमीचा इतिहास असताना हा प्रश्न पुढच्या पिढीवर ढकलणे बरे दिसणार नाही, पण आजवर कुणी तो सोडवलेला नाही.

उरला प्रश्न न दिसणाऱ्या थरांचा. त्याला एक उपाय आहे आणि तो खर्चाचा नाही. साच्यातून निघालेल्या कवचाच्या काठाला नेहमी काही सेंटिमीटर जादा पट्टी असते, ती कापून टाकावी लागते. बहुतेक ठिकाणी ती कचऱ्यात जाते. तिच्यातून, जेथे काठ जाड करण्यासाठी वरून मॅट चढवलेली नसेल तेथला, दहा सेंटिमीटर लांब आणि पाच रुंद तुकडा काढावा, जेलकोट खरवडून तो सोनाराच्या काट्यावर तोलावा, आणि मग मोकळ्या हवेत, धुरापासून दूर उभे राहून, लाल निखाऱ्यावर पुरता जळू द्यावा. राळ जळून जाते, काच उरते, आणि थर एकेक करून पापुद्र्यासारखे सुटे होतात. वर सांगितलेल्या चार थरांच्या होडीचा तुकडा आधी सव्वीस ग्रॅमच्या आसपास भरेल आणि नंतर नऊ. सात भरला तर एक मॅट खाल्ली आहे. चांगला कारागीर हा तुकडा गिऱ्हाइकाला मागायला लावत नाही. बिलाबरोबर तोच देतो, आणि तसाच दुसरा तुकडा, होडीचा क्रमांक घालून, आपल्या दप्तरात ठेवतो.